खांबामागचा चंदेरी तागा

टिटवी ओरडली नाही. सकाळपासून अख्ख्या गोदामात ओरडून ओरडून तिने सगळ्यांचे कान किटवले होते, आणि नेमकी वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खांबापाशी येऊन ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. ताईने हात उंच केला, खाली आणला, खांबाला वळसा घालून पलीकडून धरला. शेजारचे तागे पुन्हा एकदा इमानेइतबारे टिवटिवले. त्यांची हजेरी मघाशीच लागली होती. ज्या एका आवाजासाठी ताई तिथे उभी होती तो काही आला नाही. टिटवी म्हणजे हातात धरायचा, इस्त्रीएवढा एक स्कॅनर. कापडाच्या प्रत्येक ताग्यात बोटभर लांबीचा एक टॅग चिकटवलेला असतो. स्कॅनर त्याला रेडिओच्या लहरींनी हाक मारतो, टॅग 'ओ' देतो, आणि स्कॅनर टिवटिवतो. तागा डोळ्यांना दिसायची गरज नाही. कागदात गुंडाळलेला असो नाहीतर चार ताग्यांच्या मागे दडलेला असो, हाक पोचली की झालं. गोदामातल्या माणसांनी पहिल्याच दिवशी त्याला टिटवी म्हणायला सुरुवात केली होती. खरी टिटवी ओरडली की अपशकुन म्हणतात. इथली गप्प राहिली की धडकी भरायची. ताई आत्ता घाबरली होती, आणि हे तिने स्वतःशी कबूल करून टाकलं.

स्कॅनरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली होती. सगळा माल मिळाला, एक तागा सोडून. आणि त्याखाली प्रश्न होता, दवाखान्यातल्या खिडकीतून विचारतात तसा कोरडा: हा तागा गहाळ म्हणून नोंदवायचा का? होय. नाही. ताईचा अंगठा त्या दोन शब्दांवर तरंगत राहिला. खालून मालकांची हाक आली, "ताई, किती राहिले?" ताई म्हणाली, "एक." "एकच?" मालक असे हसले की पत्र्याचं छप्पर घुमलं. "अहो, मागच्या गणतीला अख्खी भिंत सापडत नव्हती आपल्याला! एक म्हणजे काहीच नाही. मारा 'होय' आणि या खाली. केक आणलाय, आणि तुम्ही यायच्या आत कापला तर ही मंडळी मलाच कापतील." ताईने 'येते' म्हटलं. अंगठा मात्र हलला नाही. कारण जो एक तागा सापडत नव्हता तो चंदेरी होता, एका नाटकगृहाच्या पडद्यासाठी मागवलेला आणि नाटकच पुढे ढकललं गेल्यामुळे इथे राहिलेला, आणि तो ताईने स्वतःच्या हाताने या खांबामागे ठेवला होता. म्हणजे तसं तिला आठवत होतं. 'ठेवला होता' आणि 'आठवत होतं' या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे तिला आजवर कधी वाटलं नव्हतं, आणि आता ते एकदा वाटल्यावर काही केल्या जात नव्हतं.

बघायला गेलं तर काय, सरळ वाकावं आणि शोधावं. पण समोर फळ्याफळ्यांवर सगळे तागे एकसारख्या तपकिरी कागदात गुंडाळून पडले होते, एका साच्यातून काढल्यासारखे. पूर्वी प्रत्येकाच्या कागदावर जाड पेनाने नाव लिहिलेलं असायचं आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असायची: अस्तरं दाराशी, मखमल मधे, पडद्यांची कापडं वर. टॅग आले तेव्हा ताईनेच हे दोन्ही बंद केलं. नावं लिहिण्यात वेळ जातो, ठरलेल्या जागांमुळे अर्धं गोदाम रिकामं राहतं आणि अर्धं ओसंडून वाहतं. आता जिथे जागा तिथे माल, शोधायचं काम टिटवीचं. सगळ्यांना पटलं होतं. आणि आज ते खरंही ठरलं होतं: दरवर्षी ज्या गणतीसाठी आठवडाभर सगळं गोदाम उलथंपालथं व्हायचं ती एका दिवसात, दिवेलागणीच्या आत आटोपली होती. यंत्र कुठेच चुकलं नव्हतं. म्हणून तर पंचाईत. जे दिवसभरात एकदाही चुकलं नाही ते शेवटच्या ताग्याला कशाला चुकेल? आणि ते चुकलं नसेल, तर मग चुकलं कोण? वाकून दोन कागद फाडले असते तर उत्तर मिळालं असतं. पण काही उत्तरं अशी असतात की ती हाताच्या अंतरावर असली तरी माणूस हात खिशात घालून उभा राहतो. ताईने खरंच हात खिशात घातला, आणि मालवाहू लिफ्टकडे चालू लागली.

लिफ्टमध्ये जिराफ होता. तागे उचलायची गाडी चालवणारा हा उंच, पिकल्या मिशांचा गडी ताईच्या आधीपासून गोदामात होता. त्याच्या गाडीवर सुतळीने बांधलेला जुना रेडिओ दिवसभर गात असे. "झालं का ताई, जिंकलो का आपण?" त्याने विचारलं. "जिंकलो," ताई म्हणाली. "मग असं तोंड का पाडलंय? वरातीत रडणारं माणूस दिसतंय." लिफ्टचं लोखंडी दार धाडकन बंद झालं, गाणं तुटलं आणि रेडिओ नुसता खरखरत राहिला, रोज राहायचा तसा. "तो चंदेरी तागा नाही लागत," ताई म्हणाली. "खांबामागे होता. माझ्या हाताने ठेवलाय मी तो." जिराफ म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणजे असणार." हे तो इतक्या सहजपणे म्हणाला की ताईला गलबलून आलं. या गोदामात तिला पाठीमागे 'खडान्‌खडा' म्हणत. गोदामाची खडान्‌खडा माहिती, म्हणून. कुणी नुसतं 'ती निळी, गेल्या हिवाळ्यातली' म्हटलं तरी ताई खुर्चीतून न उठता सांगायची, दुसरी रांग, वरून तिसरी फळी, भिंतीकडचा. गिऱ्हाइकं मुद्दाम गंमत म्हणून विचारत. आणि तो चंदेरी तागा आला त्या दिवशी जिराफ नेमका आजारी होता, उतरवून घेणारा टेम्पोवाला तोंडदेखला हात लावून निघून गेला होता, आणि ताईनेच तो ढकलत, रेटत, गुडघ्याचा जोर लावत खांबामागे सरकवला होता. छपरातल्या काचेतून ऊन येतं, चंदेरी कापड उन्हाने काळं पडतं, म्हणून तिथेच. हाताला तो किती गार लागला होता! आकाराच्या मानाने किती जड होता! अंगठ्याचं नख मुळाशी तुटलं होतं आणि तिने ते तोंडात धरून शिवी हासडली होती. ताईने लिफ्टच्या पिवळ्या उजेडात अंगठा पाहिला. नख केव्हाच वाढून इतरांसारखं झालं होतं. एकुलता एक साक्षीदार, तोही फितूर. दार उघडलं, रेडिओ पुन्हा गायला लागला, आणि गाणं कडव्याच्या शेवटाला जाऊन पोचलेलं होतं.

ऑफिसात टेबलावर केक होता, सगळ्यांची अंगं कापडाच्या धुळीने माखलेली होती आणि चेहरे उजळलेले होते. दमल्यावर माणसं अशी देखणी दिसतात, ताईला वाटलं. मालकांनी दोन शब्द बोलायचं ठरवलं होतं, म्हणजे वीसपंचवीस वाक्यं आलीच. थोरल्या मालकांचा हा मुलगा. ताईने त्याला अर्ध्या चड्डीत ताग्यांवरून घसरगुंडी खेळताना पाहिलं होतं, पण तो खुर्चीत बसला त्या दिवसापासून ती त्याला 'मालक' म्हणायला आणि 'अहोजाहो' करायला कधी चुकली नव्हती. "दुसरं कुणी असतं," मालक म्हणाले, "तर म्हणालं असतं, यंत्र आणता? मग माझं काय काम? आणि ताईंनी काय केलं? वर्षभर माझ्या मागे भुणभुण लावली. टॅग आणा, टॅग आणा. स्वतःची गादी स्वतःच्या हाताने सोडणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही." टाळ्या पडल्या. ताई हसली, मान लववली, आणि आतून शरमेने लाल झाली. कारण तिच्या मोठेपणाची गोष्ट मालकांना समजली होती तशी नव्हती. गादी सोडायची तिला काही हौस नव्हती. आपलं डोकं एक दिवस दगा देणार याची तिने मनाशी खूणगाठ बांधली होती, आणि तो दिवस उजाडला तरी गोदामात कुणाला पत्ता लागू नये म्हणून तिने आधीच एक काठी आणून कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. आज सगळे त्या काठीचं कौतुक करत होते. आणि तीच काठी तिच्या पाठीत बसली होती.

अप्पांना, ताईच्या वडिलांना, विसरायला होऊ लागलं तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, आणि ताई आता त्याच उंबरठ्यावर एक पाय टाकून उभी होती. अप्पा किल्ल्या बनवत. बाजाराच्या तोंडाशी त्यांची पत्र्याची टपरी होती, आणि कुलूप नुसतं पाहिलं की किल्ली त्यांच्या बोटांत उतरायची. गावभरची कुलपं त्यांना पाठ होती. 'तुमच्या मागच्या दाराचं जरा अडतं, तेल घाला' असं ते रस्त्यात थांबवून लोकांना सांगत आणि लोक चपापत. मग एके दिवशी त्यांनी एका बाईंना किल्ली कापून दिली. सुबक, गुळगुळीत किल्ली होती, पण ती त्यांच्या कुलपाला लागेना. दुसऱ्या दिवशी तशीच दुसऱ्या कुणाला. हळूहळू कळलं की अप्पा येईल त्याला एकच किल्ली कापून देत आहेत, दात न दात तोच. ती त्यांच्या जन्मघराच्या दाराची होती. ते घर पडून तिथे रस्ता झाल्याला जमाना लोटला होता. "अप्पा, ही आपल्या घराला लागत नाही," ताई म्हणायची. "लागते," अप्पा म्हणायचे. "माझा हात खोटं बोलत नाही." डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, आज वार कोणता? अप्पा म्हणाले, "काय डॉक्टर, एवढा मोठा दवाखाना आणि साधं कॅलेंडर नाही?" सगळे हसले. सगळ्यांत जास्त ताई हसली, आणि मग बाहेरच्या बाकावर बसून पदर तोंडात कोंबून रडली. त्यांच्या शेवटच्या किल्ल्यांतली एक अजून तिच्या जुडग्यात होती. कुठल्याच कुलपाला लागत नसल्यामुळे ती जुडग्यातून कधी निघाली नाही, म्हणून हरवलीही नाही. आत्ता खिशात ताईची बोटं तिच्यावरूनच फिरत होती. लिफ्टमध्ये आपण काय बोललो ते तिला परत ऐकू आलं. माझ्या हाताने ठेवलाय मी तो. हेच ते. अगदी हाच सूर, हाच ठामपणा. अप्पांनाही खात्रीच होती. खात्री कुठे कमी पडली होती? खात्री हाच तर तो आजार होता.

आणि मग सगळं एकेक करून रांगेत येऊन उभं राहिलं, जणू बोलावणं गेलं होतं. गॅसवर विसरलेलं दूध. भाचीला मारलेली भलत्याच नावाने हाक. बँकेच्या काउंटरवर स्वतःच्या जन्मतारखेपाशी आलेला तो अडखळा, क्षणभरच, पण त्या क्षणात पायाखाली जमीन नसल्यासारखं झालं होतं. आजवर यांतल्या प्रत्येकाला ताईने काही ना काही सबब देऊन दाराबाहेर काढलं होतं. झोप झाली नव्हती, डोक्याला ताप होता, कुणाचंही होतं असं. आता सगळी मंडळी चंदेरी ताग्याच्या पाठोपाठ आत घुसली होती आणि हक्काने बसली होती. कुणीतरी तिच्या हातात केकची बशी दिली. केक गोड होता, एवढंच तिला कळलं. एक गोष्ट मात्र तिला मधेच लख्ख दिसली आणि हसूही आलं, कडू हसू: यंत्र खरं असेल तर आपलं डोकं गेलं, आणि डोकं खरं असेल तर वर्षभर जिच्यासाठी भांडलो ती टिटवी खोटी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे आपण बशी धरून उभ्या. तिला दोन्ही हवं होतं. आपलं डोकं हवं होतं आणि टिटवीही हवी होती. या वयात माणसाने एवढं मागू नये की काय?

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायचा आणि महत्त्वाच्या दिवशी न चुकता फोन करायचा. "ए ताई, झाली का तुझी परीक्षा? पास की नापास?" ताई खिडकीपाशी सरकली. बाहेर जिराफ रिकामी गाडी घेऊन लिफ्टमध्ये शिरत होता. गाणं गात गात आत गेलं आणि दार लागताच चिमटीत धरल्यासारखं बंद झालं. ताई बोलता बोलता थांबली. काहीतरी तिच्या कानाशी येऊन उभं राहिलं होतं, ओळखीचं, पण चेहरा न दाखवणारं. "ऐकतेयस ना?" भाऊ म्हणाला. ताई म्हणाली, "अप्पांचा रेडिओ आठवतो का रे तुला?" अप्पांचा विषय निघाला की भावाला कुठली तरी वही तपासायची असायची. पण आज त्याने फोन ठेवला नाही. "आठवतो की," तो म्हणाला. "पत्र्याच्या डब्यात घालून आणायचे. किल्ल्यांच्या डब्यात."

"गातागाताच आत टाकायचे," ताई म्हणाली. "बंद करायचे नाहीत."

"आणि झाकण लावलं की गप्प. नुसतं खरखर. आपल्याला म्हणायचे, झोपला बघ."

"आणि घरी आल्यावर झाकण काढलं की?"

"उठला बघ!" भाऊ मोठ्याने हसला. कित्येक वर्षांत अप्पांच्या नावाने तो हसलेला ताईने ऐकला नव्हता. "गाणं पुढे गेलेलं असायचं. मी रडायचो, मधलं कुठे गेलं म्हणून. आई सेल उतरतात म्हणून करवादायची. तुला कसं गं आठवलं हे आज?"

"मला सगळं आठवतं," ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या अंगावर काटा आला.

पुढे भाऊ काय बोलला ते तिने ऐकलं नाही. 'ठेवते रे, नंतर करते' म्हणून तिने फोन खिशात टाकला. लहानपणी एकदा टपरी बंद करायच्या वेळी ती अप्पांच्या मांडीवर बसली होती, आणि रेडिओ कसा झोपतो असं तिनेच विचारलं होतं. अप्पांनी डबा तिच्या हातात देऊन सांगितलं होतं, "झोपत बिपत काही नाही गं चिमे. हवेतून हाक येत असते सारखी. पत्र्याच्या आत ती शिरत नाही. हाकच पोचली नाही तर 'ओ' कोण देणार?" त्यांचा काळवंडलेला अंगठा, तेलाचा वास, डब्याची गार कड, सगळं जिथल्या तिथे होतं. हात लावून बघावं इतकं जिथल्या तिथे. गार. तोही तागा हाताला गार लागला होता. कापड गार लागत नाही, लोखंड लागतं, चांदी लागते. चंदेरी म्हणजे नुसत्या रंगाने चंदेरी नव्हतंच ते; त्याच्या धाग्याधाग्यात धातूची पातळ पट्टी विणलेली होती, म्हणून तर एवढं जड, म्हणून तर नाटकगृहाला हवं होतं, दिव्यांत झळाळायला. आणि टॅग कुठे असतो? ताग्याच्या मधल्या पुठ्ठ्याच्या नळीत, चांगला वीतभर आत. कडेला चिकटवले की ने-आण करताना ओरबाडून निघतात, म्हणून वीतभर आत हा नियम कुणाचा? ताईचाच. आधी टेबलावर टॅग वाचून घ्यायचा, मग नळीत चिकटवायचा, हाही तिचाच. त्यामुळे ताग्याची आवक नोंदली गेली. आणि मग त्या बिचाऱ्या टॅगवर चांदीचे वेढ्यावर वेढे. पत्र्याचा डबाच की तो. सकाळपासून टिटवी घसा फोडून हाका मारत असेल, आत पोचल्या असतील तर ना!

तिने बशी ठेवली, टिटवी उचलली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघाली. गुडघे कुरकुरले, तिने लक्ष दिलं नाही. पण जिना संपता संपता पाय आपोआप हळू पडू लागले, कारण एक गोष्ट तिला तेवढ्यात कळून चुकली. टिटवी का गप्प हे समजलं, ठीक. पण त्याने एवढंच सिद्ध होत होतं की टिटवीच्या गप्प राहण्याला काही किंमत नाही. तागा तिथे असेल तरी ती गप्प, नसेल तरी गप्प. यंत्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरून घरी गेलं होतं. आता इथे फक्त ताई होती, आणि ताईची आठवण, आणि खांब. छपराच्या काचेतून उतरतं ऊन आत आलं होतं आणि त्यात कापडाची धूळ सोन्यासारखी तरंगत होती. ताई खांबामागे गुडघ्यांवर बसली. खालची फळी, भिंतीकडची बाजू. तिने कागदावर हात ठेवला. कागद कापायचं ब्लेड जिराफच्या खिशात, जिराफ खाली. तिने जुडगा काढला, अप्पांची किल्ली पुढे केली आणि कागदात खुपसून ओढली.

आत करडं अस्तर होतं. साधं, गरीब, करडं अस्तर.

ताई तशीच बसून राहिली. बरं, असं असतं तर हे, तिने स्वतःला सांगितलं; असं येतं ते, ओरडत येत नाही, करड्या अस्तरासारखं येतं. अप्पांना त्यांच्या पहिल्या चुकलेल्या किल्लीच्या वेळी असंच वाटलं असेल का? की त्यांना काहीच वाटलं नसेल? आणि हा दुसरा प्रश्न मनात आला तशी ती एकदम सावध झाली. अप्पांना शंका कधी आलीच नव्हती. त्यांनी एकदाही ती किल्ली कुलपात घालून बघितली नव्हती. लागते म्हणाले आणि विषय संपवला. आपण तर इथे गुडघे टेकून, कागद फाडून बघतो आहोत. ताईने खोल श्वास घेतला आणि अस्तराच्या ताग्याला पुन्हा हात लावला. त्याच्यावर धूळ बेताचीच होती. हा नंतर आलेला. जिथे जागा तिथे माल, नियम कुणाचा? जिराफने जागा दिसली तिथे सरकवला असणार, म्हणजे आधी ठेवलेलं काही असेल तर ते याच्या मागे... तिने करडा तागा दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला. तो हलका होता, निघून आला. मागच्या अंधारात आणखी एक होता. तिने हात घातला. जड. तळहात टेकला, आणि कागदातूनही तो गार लागला.

किल्ली कागदात शिरली. या किल्लीने आजवर काही उघडलं नव्हतं, आणि आता ती वरपासून खालपर्यंत सरसरत गेली, आणि फाटलेल्या कागदातून चंदेरी उजेड ताईच्या तोंडावर आला. उतरत्या उन्हाची एक तिरीप कशी कोण जाणे तिथवर पोचली होती आणि कापड मासळीच्या अंगासारखं लखलखत होतं. ताई हसली. आधी नाकातून, मग तोंडभर, मग भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसत राहिली. होता! तिथेच होता! तिने ठेवला तिथे, तिने ठेवला तसा! तिला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली, जवळ दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिने ताग्यालाच मारली. दूध उतू जाऊ दे. भाचीला हवी ती नावं पडू देत. उद्याचं उद्या, परवाचं कुणी पाहिलंय. पण आज, या क्षणी, तिचं डोकं तिच्या मानेवर जागच्या जागी होतं आणि त्यातली प्रत्येक फळी भरलेली होती. तिने टिटवी उचलली आणि चंदेरी कापडाला नाक टेकेल इतकी जवळ धरली. टिटवी गप्प. पडद्यावर तोच कोरडा प्रश्न: गहाळ म्हणून नोंदवायचा का? ताईने अंगठा उचलला आणि 'नाही' दाबलं, गरजेपेक्षा बरंच जोरात.

वर येणाऱ्या पावलांचा आवाज आला. हसणं खालपर्यंत गेलं असणार. पुढे मालक, मागे जिराफ आणि त्याच्या मागे बशा हातात धरून बाकीचे. मालकांनी आधी ताईकडे पाहिलं, जमिनीवर पाय पसरून बसलेल्या, कागदाच्या चिंध्यांत, आणि मग ताग्याकडे. "अहो, हा तर..." ते म्हणाले. "पण मग ही ओरडली कशी नाही?" "तिची काही चूक नाही," ताई म्हणाली. "ती हाका मारत होती, आत ऐकू जात नव्हतं. असल्या कापडाला टॅग बाहेर लावायला हवा. आत लावायचा नियम माझा. उद्यापासून बदलला." जिराफ म्हणाला, "मी काय सांगितलं होतं? ताई म्हणतात म्हणजे असणार." आणि हे त्याने अशा थाटात सांगितलं की जणू तागा त्यानेच शोधला होता. ताईने टिटवी त्याच्या हातात दिली. "धरा नीट, भाऊ." मग तिने बाही वर सारली आणि नळीत हात घातला, मनगट गेलं, वीतभर आत बोटांना टॅगची कड लागली. तिने नख घालून ती सोडवली. तेच नख. चिकट कड निघाली, हात हळूहळू बाहेर आला, आणि टॅग नळीच्या तोंडाशी आला मात्र, टिटवी अशी काही किंचाळली की मागे उभ्या असलेल्या कुणाची तरी बशी पडली.

"उठला बघ," ताई म्हणाली.

"कोण उठला?" मालकांनी विचारलं. ताई त्यांच्या हाताचा आधार घेऊन उठली, किल्ली पुसून जुडग्यात परत सारखी केली आणि आपल्या वाट्याचा केक कुणी खाल्ला का, असं विचारलं.